राहिलेले अठ्ठेचाळीस किलोमीटर

कृपाळू अल्लाचे नाव घेऊन मी, यदुल्ला रकाबदार, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार यज्द, इराण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके शाबूत आहे. कोणाचेही दडपण नाही. ते आणायला आलेला माझा मुलगा मोर्तजा चहा पिऊन परत गेला.

१. मालमत्तेच्या तीन हिस्स्यांपैकी दोन शरियतप्रमाणे वारसांना जातील, तिथे माझे काही चालत नाही. तिसरा हिस्सा माझ्या मर्जीचा. पुढची कलमे त्यातली आहेत.

२. राहते घर पत्नी तूबा हयात असेतोवर तिच्याच ताब्यात राहील. तिच्याशी लग्न ठरवून मी जगाच्या फेरीला निघालो आणि सहा वर्षांनी परतलो, तोवर ती थांबली. परतल्यावर म्हणाली, "झालं का जग बघून? आता बाजारातून जरा पुदिना आणा." अशी बाई एकोणचाळीस देशांत मला दुसरी दिसली नाही.

३. दुकानातला मोठा हवेचा पंप शेजारच्या खोदादादला द्यावा. तो अकरा वर्षांपूर्वी त्याने "आत्ता आणून देतो" म्हणून नेला आहे. आता त्याला आणून द्यायची गरज नाही.

४. प्रवासातल्या रमजानांचे रोजे मी मागाहून धरले, पण तेवीस राहिले. बापाचे राहिलेले रोजे थोरल्या मुलावर येतात. मोर्तजाने ते धरावेत. त्याचे पोट पाहता ते त्याला मानवतीलच.

५. आता जे आजवर लिहिले नाही ते. एकोणचाळीस देश मी माझ्या एकाच सायकलने पार केले. समुद्र तेवढा जहाजाने. गावोगावचे शिक्के वहीत आहेत, ज्याला शंका असेल त्याने मोजावेत. छाती ठोकून सांगतो, या शहरातून असा दुसरा कोणी गेला नाही. मात्र परतताना, घर दीड दिवसावर असताना, समोरून वाळूचा वारा सुटला. इकडे स्वागताचा दिवस ठरलेला, बँड सांगितलेला, आई फाटकात उभी. जुन्या सराईपाशी एक पिस्त्यांचा ट्रक थांबला आणि मी सायकल वर टाकली. यज्दच्या अलीकडच्या मेहरीझ गावाच्या वेशीवर उतरलो, अंगावरची टरफले झटकली आणि तिथून पेडल मारत गळ्यात हार घालून घ्यायला गेलो. ते अठ्ठेचाळीस किलोमीटर राहिले. रोज्यांसारखेच तेही माझ्या अंगावर आहेत. पुढच्या वर्षी भरून काढू म्हणत गेलो. मग दुकान, मग मुले, मग गुडघे.

६. हेही खरे तर थोरल्या मुलावर यायचे. पण मोर्तजाला सायकल एका हॉटेलवाल्याला द्यायची आहे. म्हणे, "बाबा, भिंतीवर छान दिसेल." अरे, ती काय मेलेल्या हरणाचं मुंडकं आहे? म्हणून सायकल, वही आणि स्पोकचे पान्हे मी मोर्तजाचीच मुलगी, माझी नात गुलनार हिला देतो. वाकड्या चाकाचा आऊट ती माझ्यापेक्षा चांगला काढते. अट एकच. तिने सराईपासून मेहरीझपर्यंतचा रस्ता माझ्या नावाने पुरा करावा. मुलगी रस्त्यावर सायकल चालवते म्हणून लोक बोलतील. मी निघालो तेव्हाही बोलले होते.

७. तूबाचा भाऊ असदुल्ला दर नवरोजला भरल्या ताटावर मला विचारत आला, "काय दाजी, सगळं पायांनीच ना?" यावरून मी त्याच्याशी नऊ वर्षे अबोला धरला. माझे चुकले. गुलनारने पेडल मारताना त्याने आपली गाडी घेऊन मागे राहावे, पाणी द्यावे आणि ती कितीही दमली तरी तिला गाडीत घेऊ नये. त्याच्याइतका खवट पहारेकरी मला मिळणार नाही.

साक्षीदार पहिला : खोदादाद, शेजारचा सायकलवाला. (पंप मिळाला. अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो.)

साक्षीदार दुसरा : असदुल्ला. (दाजी, ट्रकवाल्याने मला त्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. चारचौघांत मी कधी बोललो नाही. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून दर वर्षी विचारत होतो. रोजे मेल्यावरच दुसऱ्याने धरायचे, रस्त्याला तसा कायदा कुठे आहे? शुक्रवारी पहाटे गाडी आणतो. तुम्ही पुढे बसा.)

सही : यदुल्ला रकाबदार
यज्द, १२ आबान १३९८

पुरवणी. कलम सहामधली अट मी काढून टाकतो, कारण ती काल पुरी झाली. दोनदा पंक्चर झाले, दोन्ही गुलनारनेच काढले. शेवटच्या चढाला मीच गाडीतून ओरडलो, "बस कर पोरी, ये आत!" मागे न बघता ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही गप्प बसा." त्यावर असदुल्ला रडला. मीही रडलो, ते इथे नोंदवून ठेवतो. मेहरीझच्या वेशीवर मोर्तजा डाळिंबांची पिशवी घेऊन उभा होता. लेकीने सायकल थांबवली तेव्हा त्याने आधी तिचे हँडल धरले, मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "हॉटेलवाल्याला नाही म्हणून सांगितलंय."

मी सायकलने जग फिरलो. आता ते पूर्ण आहे. सायकल आजपासूनच गुलनारची, माझ्या मरणाची वाट पाहू नये.

सही : यदुल्ला रकाबदार
यज्द, १८ आबान १३९८