तिरपा धिरा नसलेली भिंत

तीर्थरूप लोयझ्का ताई हिस, धाकट्या मातेव्झचा टोपी काढून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं मलम लावतेस, की पुन्हा दारूत भिजवलेली अर्निकाची फुलं चोळत बसलीस? (चोळायची दारू भावोजींच्या हाती लागू देऊ नकोस.) इकडे तुझी भावजय पावला ठीक आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही, बाकी ठीक. मीही ठीक आहे. डोकं तेवढं तापलंय, आणि का ते वाचलंस की तुझंही तापेल.

आपल्या गाश्पेरने घर बांधायला घेतलंय हे तुला ठाऊक आहेच. सुताराचा मुलगा, सुताराचा नातू, घर लाकडाचं. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण त्याची बायको नेझा मारिबोरला प्रयोगशाळेत नोकरी करते, आणि नोकरी काय, तर भिंती मोडायच्या. (हो ताई, मोडायच्या! छान रंधा मारलेली चौकट यंत्रात घालायची आणि कडकन आवाज होईपर्यंत रेटायची. आपण लहानपणी एक स्टूल मोडलं तर अप्पांनी दिवसभर उपाशी ठेवलं होतं. हिला मोडल्याबद्दल पगार मिळतो.) तर या नेझाने घराच्या दक्षिणेच्या भिंतीत एकही तिरपा धिरा ठेवला नाही. एकसुद्धा नाही! नुसत्या लाकडी चौकटी आणि प्रत्येकीत काठाकाठाने चिकटवलेली जाड काच. मी विचारलं, उद्या भूकंप आला तर चौकट तिरकी व्हायला लागेल, तिला अडवणार कोण? म्हणे, काच. लाकूड थोडं वाकतं, गोंद थोडा ताणला जातो आणि काच चौकटीचा काटकोन धरून ठेवते. अगं, चाळीस वर्षं मी धिरे ठोकतोय, ते काय शोभेला? काच म्हणजे बाहेर बघायची वस्तू. तिच्यावर छप्पर ठेवायचं? मी कधी थट्टेत काहीतरी बोललो आणि कोणी तरी ते खरं धरलं, असंच मला वाटत होतं.

आणि मग गुत्त्यात, सगळ्यांच्या देखत, माझ्या तोंडून ते निघालं. (नवी दारू होती. मी फक्त तीन पेले घेतले होते. बरं, पाच.) मी शपथ घेतली, ती काच फुटल्याशिवाय मी त्या छपराखाली पाऊल ठेवणार नाही आणि आढ्यावर झाडही ठोकणार नाही. आता छप्पर चढून तीन आठवडे झाले. आढ्यावर स्प्रूसचं झुडूप ठोकायचा मान गावात माझा. ते ठोकल्याशिवाय मेजवानी नाही, आणि मेजवानीशिवाय पोरं राहायला येत नाहीत. ते झुडूप बादलीत उभं राहून राहून पिवळं पडलं. कामाला आलेले शेजारी मला रस्त्यात बघून घसा खाकरतात. बर्फ पडायच्या आत पोरांना मारिबोरची भाड्याची खोली सोडायची आहे, म्हणून पावला बोलत नाही.

शेवटी गेल्या शनिवारी नेझाच म्हणाली, बाबा, एक चौकट जादाची उरलीय, ती गॅरेजच्या पायावर बोल्टांनी पक्की करते, तुम्हीच ओढून बघा. मी म्हटलं, बघतोच. जंगलातले ओंडके ओढायचं माझं हातयंत्र काढलं, तारदोर चौकटीच्या वरच्या कोपऱ्याला अडकवला. दुसरं टोक कशाला बांधायचं? ती म्हणाली, अक्रोडाला बांधा. मी म्हटलं, अक्रोड कशाला, या गावात माझ्या गवत वाळवायच्या मांडवापेक्षा, माझ्या कोझोलेतापेक्षा पक्कं काय आहे? (लग्नाच्या वर्षी बांधलेला, आठ धिरे, तीस वर्षं वर गवत वाळलं, एक खिळा हलला नाही. तूच म्हणाली होतीस, मातेव्झ, हा तुझ्यामागेही राहील.) नेझा म्हणाली, "बाबा, त्याच्या खांबाचा बुंधा एकदा बघून घ्या." सुनेने मला खांब दाखवायचा! मी दांडा मारत सुटलो. तार गुणगुणायला लागली. चौकट जराशी कलली, काच करकरली, आणि मी मनात म्हटलं, आता! तेवढ्यात मागून कडकड आवाज आला. मी आनंदाने वळून बघतो तर गवतासकट माझा कोझोलेत आमच्याकडे झुकत होता, एखादा म्हातारा बातमी ऐकायला पुढे सरकावा तसा. नेझाने धावत येऊन तार सैल केली. काचेची चौकट परत जाग्यावर. मी ओळंबा सोडला, तसूभर फरक नाही. कोझोलेताला ओळंबा लावायची गरजच नव्हती.

आणि हे सगळं कुंपणाशी मोटारसायकल थांबवून बघत कोण होती? टपालवाली झोफ्का! बाजारापर्यंत बातमी तिच्याआधी पोचली. आता तूच सांग, खांब तळाशी कुजला होता तर त्यात माझ्या धिऱ्यांचा काय दोष? धिरे सगळे शाबूत आहेत! नेझा हसली असती तर मी काहीतरी बोलून मोकळा झालो असतो. ती हसली नाही. माझ्या सदऱ्यावरचं गवत झटकलं आणि म्हणाली, "बाबा, झाड तुमच्याच हातचं हवं. नाही ठोकलंत तर आढं तसंच मोकळं राहील." याला अन्याय नाही म्हणायचं तर काय?

भावोजींना नमस्कार. तुझ्या कोंबड्या अंडी देतात ना?

तुझा,
मातेव्झ

ता. क. काच काही फुटली नाही, म्हणजे शपथ अजून तशीच आहे. पण मला दरडावायचा हक्क फक्त तुला, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तर ताई, एक खरमरीत पत्र लिही. मूर्ख म्हण, गाढव म्हण, आणि रविवारी मार्टिनच्या सणाला गाश्पेरच्या घरात बसून सणाचा भाजलेला हंस खाल्ला नाहीस तर तोंड दाखवू नकोस असं स्पष्ट बजाव.

ता. ता. क. पाकिटात घालू नकोस. उघड्या पोस्टकार्डावर, मोठ्या अक्षरात लिही. झोफ्का माझ्याआधी वाचते.

ता. ता. ता. क. नवं झुडूप मी कालच तोडून आणलंय, चांगलं हिरवंगार. माझ्या सुतारकामाच्या शेडमागे लपवलंय. ते मात्र कार्डावर लिहू नकोस.