स्वप्नालीला न्यायला

१५ ऑक्टोबर
पोचले एकदाची! पुण्याहून दौंडच्या डेमू गाडीत चक्क खिडकी मिळाली, आणि वसतिगृहात पाऊल टाकताच स्वयंपाकाच्या तानुबाईंनी गवती चहाचा कप हातात दिला. नव्या रेक्टरचं असं स्वागत! खोली हवेशीर आहे, दारात कडुनिंब आहे. उद्यापासून दिवाळीची सुट्टी. ज्या मुलींना घर असून नसल्यासारखं आहे, त्यांच्यासाठी यंदा वसतिगृह उघडं ठेवायचं आणि ते मी सांभाळायचं. नोकरी घेतली ती याचसाठी.

१७ ऑक्टोबर
दोघीच राहिल्यात. म्हाळसा सुट्टीला घरी गेली की तिच्यासाठी स्थळ तयार असतं. परीक्षा राहिली बाजूला. स्वप्नाली निमोण्याची. तिचे वडील, तात्या, तिला दारात उभं करत नाहीत. का, ते सांगत नाही. एवढंच म्हणाली, घरचं कुणी न्यायला आलं तर मला देऊ नका. मी शब्द दिला.
संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. म्हणे, दिवाळीत पोरी घरीच शोभतात, दोघींसाठी कशाला गॅस जाळायचा? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब, तुम्हीच ठराव केलात ना? तर म्हणे, तुम्ही आहात तोवर चालू द्या, तुम्ही निघालात की कुलूप. म्हणजे मी आजारीसुद्धा पडायचं नाही!

१९ ऑक्टोबर
भर दुपारी गेटवर एक मुलगा. डोक्यावर हेल्मेट. म्हणाला, मी पप्पू, स्वप्नालीचा भाऊ, तिला न्यायला आलोय. मॅडम, मॅडम करत अदबीने बोलत होता. मी सरळ परतवून लावला. स्वप्नालीला सांगितलं नाही. पोरगी कालपासून कुठे दोन घास नीट जेवायला लागली आहे.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
पुन्हा तोच. उन्हात उभा, हेल्मेट काढत नाही, पाणी घेत नाही. मी तोंडसुख घेतलं: वर्षभर विचारायचं नाही आणि सणाला बरी बहीण आठवते! त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाला, न्यायला आलोय. पालथ्या घड्यावर पाणी! प्राचार्यांना फोन केला तर बंद. सगळे फराळात दंग. मी एकटी कुठेकुठे पुरी पडू?

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
आज म्हणतो, भनीनं ओवाळल्याबिगर जायाचं न्हाई, मॅडम. डोकंच फिरलं माझं. म्हटलं, मीच ओवाळते, मग सोडशील तिचा नाद? म्हणाला, व्हय, मंग तिला न्हाई मागत.
ताट आणलं. हेल्मेट काढ म्हटलं तर नुसती काच वर केली. आत काही दिसेना. कुंकवाचं बोट पुढे केलं. कपाळ लागायला हवं होतं. पेरभर गेलं, अख्खं बोट आत गेलं. कपाळ लागलंच नाही.
निरांजन कसं ओवाळलं, आठवत नाही. जाताना म्हणाला, येतो, ताई.

२४ ऑक्टोबर
स्वप्नालीला सांगून टाकलं. तेव्हा कुठे तिने कारण सांगितलं. पप्पू गेल्या दिवाळीत गेला. मोटरसायकलवर तिलाच न्यायला निघाला होता, न्हावऱ्याजवळ उसाच्या ट्रॉलीला धडकला. तुझ्यापायी गेला, म्हणून तात्यांनी दार लावलं.
मग तिने रडत विचारलं, दादा आलता आन् तुमी मला हाक न्हाई मारली?
तानुबाईंनी काल मला पाहिलं होतं. गेटवर मी एकटीच ताट फिरवत होते. त्या म्हणाल्या, ओवाळलं म्हंजी भन झालात. आन् भाऊ भनीला नेल्याबिगर ऱ्हातोय व्हय?

२५ ऑक्टोबर
स्वप्नाली सकाळपासून गेटवर उभी. दुपारी तो आला — अगदी तिच्या समोर. तिला दिसला नाही.
त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या खिडकीकडे पाहत होता.

२६ ऑक्टोबर
बोटाचं कुंकू जात नाही. अध्यक्षांना म्हटलं, माझ्या जागी कुणीतरी पाठवा, आजच्या आज. हसले. मॅडम, कंटाळलात ना? मग लावा कुलूप.
हसतात! मी गेले तर म्हाळसाला बोहल्यावर चढवतील. आणि स्वप्नाली — तिने जायचं कुठे?
नाही जाणार मी. नाही.

२७ ऑक्टोबर
माझी बॅग भरलेली आहे. मी भरली नाही.
तात्या वाट बघत असतील — कोण तात्या? माझे वडील तर —
आला. गेटच्या आत.
स्वप्नाली धावली. दोन्ही हात पसरून वाट अडवून उभी आहे. ओरडतेय, दादा, मॅडमला न्यायचं न्हाई, आमाला दुसरं कुणी न्हाई — पण तिला तो दिसत नाही. भलतीकडेच बघून बोलतेय पोरगी. अगं, इकडे — तो तुझ्या शेजारून —