अर्धी फीड आणि भरलेले घर

इंदूर, ऑक्टोबर २००७

ती. पद्मजाताईस,

बाबूरावचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नागपूरच्या डॉक्टरने दिलेला पट्टा तू बांधत नसणार, हे मला इथे बसून दिसते. माझी प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच, आणि पूर्ण, लिहीत आहे. कारण पुढे कळेल.

पत्रास कारण तुझे चिरंजीव. धनेशने बंगलोरहून ईमेल केली की, मामा, ब्लॉगची अर्धी फीड देणे म्हणजे वाचकाचा अपमान, ती पूर्ण करा. आता फीड म्हणजे काय, ते सांगतो (मी कुठल्याही क्लासला न जाता समजून घेतले, तेव्हा तुलाही जमेल). मिल बंद पडल्यावर मी कॉम्प्युटर शिकलो आणि इंदूरच्या मिलच्या कापडावर ब्लॉग लिहू लागलो, हे तुला ठाऊकच आहे. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरचे माझे घर समज. तिथे लिहिलेले वाचणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपोआप पोचवण्याची सोय म्हणजे फीड. पूर्ण फीड दिली की सगळा लेख त्याला तिकडेच मिळतो, माझ्याकडे यायचे कामच उरत नाही. अर्धी दिली की सुरुवातीच्या दोन-तीन ओळी जातात आणि खाली ‘पुढे वाचा’ असे येते. त्यावर दाबले की माणूस माझ्या ब्लॉगवर येतो, आणि पानाच्या तळाशी असलेला पाहुण्यांचा आकडा एकाने वाढतो.

पूर्ण फीड होती तोवर हा आकडा ढिम्म हलत नव्हता. लोक वाचत असतील, नसतील. उंबऱ्याशी कोणी नाही. (तुझी भावजय सरला गेल्यापासून दाराची घंटाही केबलवाल्यापुरतीच उरली आहे. तशातलीच गत.) तेव्हा मी मिलच्या रिवाजाने विचार केला. आमच्या फोल्डिंग खात्यातून व्यापाऱ्याकडे नमुना म्हणून कधी पूर्ण थान, म्हणजे अख्खा तागा, जात नसे. वीतभर कतरन कार्डावर चिकटवून पाठवायची. शेटजींनी ती बोटांत चोळली, पसंत पडली, की ते स्वतः मिलच्या फाटकात हजर. (कतरन थानाच्या मधून कापायची, किनारीजवळून नाही. किनारीला वीण दाट असते, म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक झाली. मॉलमध्ये शर्ट विकणाऱ्यांना हे विचारून बघ.) तर त्याच तरीक्याने मी फीड कापली.

त्यानंतरचा पहिलाच लेख कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरच्या, म्हणजे होळकरांच्या दगडी समाध्यांवरच्या, नक्षीचा. तिच्यावरून आमच्या मिलने एकदा साडीची किनार काढली होती, तो विषय. सुरुवात अशी: ‘परवा छत्र्यांच्या पायऱ्यांवरून मी पडलो. डोळ्यांपुढे एकदम अंधार झाला. शुद्ध आली तेव्हा’ आणि इथे फीड संपली. पुढे मी स्वच्छ लिहिले होते की, शुद्ध आली तेव्हा अंगाला खरचटलेही नव्हते, चष्मा शोधायला वाकलो आणि दगडातली वेल प्रथमच इतक्या जवळून दिसली. मग वेलीचे सविस्तर वर्णन. हे सगळे वाचायला फक्त एकदा बोट दाबायचे होते.

ताई, एकानेही दाबले नाही. सगळे घरी आले.

पोह्यांना फोडणी देत होतो, तो दारात उदयसिंह. (आमच्या मिलचा फिटर. आता हातोदला शेती करतो, सुनेच्या कॉम्प्युटरवर माझे लिखाण बघतो. मराठी त्याला अर्धीच कळते, पण ‘पडलो’ बरोबर कळले.) मोटारसायकलला सीताफळांची टोपली बांधलेली. मला कढईसमोर उभा बघून उलटा चिडला.

“भिया, तुम तो खड़े हो!”

“मग काय करू? अरे, खाली ‘पुढे वाचा’ होतं, ते दाबायचं ना!”

“लो! आदमी गिरा पड़ा है, और अपन बटन दबाते बैठें?”

मी आणखी दोन मुठी पोहे भिजवले. (याचे उत्तर तुला सुचले तर कळव.) पाठोपाठ महूची अमिता, आपल्या सुमनकाकूची सून. ती तुकोगंजातले दवाखाने पालथे घालून आली होती आणि मी त्यातल्या एकातही नाही म्हणून माझ्यावरच संतापली. मग फोल्डिंग खात्याची जुनी मंडळी आली. शेजारून खुर्च्या आणल्या. पोहे संपले, नुसत्या शेवेवर भागवले. इतक्या लांबून आलेल्यांचा मान राखावा म्हणून मी थोडा वेळ पलंगावर आडवाही झालो. दगडातल्या वेलीचा विषय दोनदा काढला, पण ऐकतो कोण? कुठला माग जास्त धागे तोडायचा यावर त्यांची भांडणे जुंपली होती, आणि मलाही पडल्या पडल्या त्यांत भाग घ्यावा लागला, कारण सगळेच चुकीचे सांगत होते. संध्याकाळी सगळे गेले. मी कपबशा विसळल्या, खुर्च्या परत केल्या आणि ब्लॉग उघडला. आकडा जागचा हललेला नव्हता.

त्याच दिवशी धनेशने फोन करून मी ठीक असल्याची खात्री करून घेतली. तू घाबरशील म्हणून तुला सांगितले नाही म्हणे. ते आता मी सांगितले. पण माझा निर्णय पक्का आहे. अर्धी फीड हे माझे तत्त्व आहे, आणि तत्त्वात बदल होत नसतो. तू त्याला चार शब्द सुनाव.

तुझा धाकटा भाऊ,
बाबूराव

ता. क. धनेशला काही बोलू नकोस. गेल्या सोमवारीच मी फीड पूर्ण करून टाकली. आता सगळ्यांना सगळे घरबसल्या मिळते. उदयसिंहाचा फोन आला होता: पूरा पढ़ लिया भिया, तुम एकदम फिट हो, अब आने की जरूरत नहीं. अमितानेही तेच कळवले.

आणखी ता. क. दिवाळीला इकडे ये. स्टेशनवर मी घ्यायला येईन. मला काहीही झालेले नाही, या वेळी मी कुठूनही पडलेलो नाही. तरी ये.