पाच टक्के प्लॅटिनम

४ मार्च, मंगळवार

एक पूर्णांक नऊ! पाच नाही, चार नाही — एक पूर्णांक नऊ!

तपासणी विभागातल्या बाईंनी कागद दिला तेव्हा वाटलं, दुसऱ्याच कुणाचा आलाय. पण नाव माझं, उत्प्रेरक पावडरीचा नमुना माझा. प्लॅटिनम १.९ टक्के. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? मशीनने सांगितलं ते छापलं."

माझ्या प्रबंधाच्या नावातच 'पाच टक्के प्लॅटिनम' आहे. वीस तारखेला द्यायचाय! विभागाच्या समितीने हा एक कागद जोडायला सांगितला म्हणून तपासणी झाली. नाहीतर चार वर्षांत कुणाला गरज वाटली नव्हती.

जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "तोंड का उतरलंय?" म्हटलं, डोकं दुखतंय.

५ मार्च

दुसरा नमुना दिला. मशीनच बिघडलंय, दुसरं काय!

६ मार्च, गुरुवार

पुन्हा १.९. बाई हसल्या — "अहो, वाटेत सांडलंत की काय प्लॅटिनम?" मला रडावं की हसावं कळेना.

७ मार्च, शुक्रवार

सापडलं. सापडलं नसतं तर बरं, असं वाटतंय.

प्रयोगशाळेत तराजूच्या वर भिंतीला कार्ड आहे, प्लॅस्टिक चढवलेलं, सरांच्या अक्षरातलं. 'पाच टक्के, दहा ग्रॅमसाठी: सॉल्ट ०.५० ग्रॅम, अॅल्युमिना ९.५० ग्रॅम.' सॉल्ट प्लॅटिनमचं, अॅल्युमिना म्हणजे ते ज्यावर चढवतात ती पांढरी पूड. पूर्वी प्लॅटिनमचं तयार द्रावण यायचं. सॉल्टची बाटली पहिल्यांदा आली त्या दिवशी सरांनी हे कार्ड घाईत लिहून दिलं. तेव्हापासून आम्ही तराजूसमोर उभे राहतो, कार्ड वाचतो, वजन करतो. हिशेब कोण करणार? सरांचं अक्षर असताना हिशेब करायचा म्हणजे आगाऊपणा.

आज केला. सॉल्ट म्हणजे नुसतं प्लॅटिनम नव्हे! त्यात क्लोरीन आहे, पाणी आहे, आणि भट्टीत ते सगळं उडून जातं. शंभर ग्रॅम सॉल्टमध्ये प्लॅटिनम जेमतेम साडेसदतीस ग्रॅम. म्हणजे अर्ध्या ग्रॅममध्ये ०.१९. त्याला एकूण वजनाने भागलं — १.९! मशीन बरोबर, बाई बरोबर. सॉल्ट १.३३ ग्रॅम घ्यायला हवं होतं. शाळकरी पोराला जमेल असं गणित, आणि आम्ही सगळे शहाणे चार वर्षं ठार आंधळे!

तीन वेळा मांडलं. तीनही वेळा तेच.

८ मार्च, शनिवार

सरांना सांगितलं. वाटलं, आता आभाळ कोसळणार. सरांनी पाकिटाच्या मागे हिशेब केला, उठले, कार्ड भिंतीवरून ओढून काढलं. म्हणाले, "चूक माझी आहे." बस्स. एवढंच! सर आणि 'चूक माझी'!

मग खुर्चीत बसून हळूच म्हणाले, "मग तिचं काय?"

तिचं म्हणजे ताईचं. माझी सीनियर. मला तराजू धरायला तिने शिकवलं. सरांच्या द्रावणाच्या काळातल्या जुन्या पेपरात या पावडरीने अभिक्रिया ब्याण्णव टक्के पुरी होते. ताईची एकेचाळीसच्या वर कधी गेली नाही. सर ओरडायचे, "त्याच बाटलीतून दुसऱ्यांचे नव्वद येतात, तुझेच का येत नाहीत? काम करतेस की गप्पा मारतेस?" दोन वर्षांपूर्वी तिला काढलं. सामान मी खाली नेऊन दिलं होतं.

झोप नाही.

९ मार्च

काही नाही लिहायचं.

१० मार्च, सोमवार

सरांनी माझ्यासमोर ताईला फोन लावला. स्पीकरवर. ती आता रंगांच्या दुकानात रंग मिसळून देते. मला माहीतच नव्हतं! सरांनी सगळं सांगितलं, माफी मागितली. मग ताई म्हणाली, "सर, म्हणजे माझे एकेचाळीस खरे होते?"

"अगदी खरे. तेवढ्या प्लॅटिनमवर तेवढेच यायला हवेत."

"दोन वर्षं मी स्वतःलाच कामचोर समजत होते, सर." आणि रडायला लागली. सर चष्मा पुसत होते. म्हणाले, "परत ये. तुझी जागा आहे."

शेवटी तिने विचारलं, "आणि आमच्या धाकट्याचा प्रबंध? त्याचं वर्ष नाही ना जाणार?" — माझी काळजी! मी खिडकीकडे तोंड केलं.

११ मार्च

सकाळी सरांनी बोलावलं. ओरडले नाहीत. एकच विचारलं — "एक पूर्णांक नऊवर तुझे नव्वद कसे आले रे?"

माझे त्रेचाळीस आले होते. पहिल्या दिवसापासून. या वहीतसुद्धा कधी लिहिलं नाही. नव्वद मी लिहिले. ताईला काढताना सरांनी बोट दाखवलं होतं ते माझ्या नव्वदकडे.