सरकणारं लोकेशन

४ फेब्रुवारी

दुकान नाहीच! म्हणजे आहे, मी त्यातच बसून लिहितेय — पण फोनमध्ये नाही. धाकटी जाऊ ऑफिसातून परस्पर आली, माझ्याच दारात उभी राहिली आणि टाइप केलं, 'जवळचं कपड्यांचं अल्टरेशन'. नदीपलीकडची दुकानं आली, एक लाँड्री आली, आपण नाही. "ताई, लोक आता रस्त्यावर बघत नाहीत, फोनमध्ये बघतात. तिथं नाही म्हणजे कुठंच नाही!" मग पाटी रंगवली ती कुणासाठी?

आणि गंमत — माझ्याच पत्त्यावर दुसरं दुकान दिसतंय. 'काकू टेलर्स'. खाली लाल अक्षरात 'कायमचं बंद'. पण लोकांनी कौतुक किती लिहिलंय! वाचता वाचता अंगठा दुखला. माझ्याआधी या गाळ्यात त्याच होत्या. गाळा घेताना मालकांना विचारलं होतं. म्हणाले, "बाई गेल्या." मी हळहळले, विषय संपला.

५ फेब्रुवारी

धाकटीचं म्हणणं, नवीन पान वर यायला वर्ष जाईल. काकूंचं हे जुनं पान आयतं आहे. पत्ता तोच, काम तेच. दुकान आता आपण चालवतो असं कळवून ते पान मागून घेऊ, नाव सावकाश बदलू. मला कसंसंच झालं. गेलेल्या माणसाच्या अंगावरची शाल ओढल्यासारखं.

"त्यांना आता काय करायचंय ते कौतुक?"

हो म्हटलं.

१४ फेब्रुवारी

पान आमच्या नावावर झालं, आणि फोनमध्ये पहिला नंबर! सकाळपासून मान वर नाही. हे डबा घेऊन आले तर यांनाच उभं राहायला जागा नाही. स्वतःच्याच बायकोच्या दुकानात रांगेत उभे!

एका बाईंनी विचारलं, "काकू नाहीत?" मी म्हटलं, गेल्या. बाई स्टुलावर बसून रडल्या. त्यांच्या ब्लाउजला हात लावायला मला संकोच वाटत होता.

१९ फेब्रुवारी

हे काय आहे?

बँकेतल्या एका गिऱ्हाईक बाईंनी पानावर लिहिलं होतं — काम छान, पण खांदा उतरतो. त्याखाली दुकानाचं उत्तर: 'तुझा उजवा खांदा पहिल्यापासून खाली आहे. डावीकडे पाव इंच सोडायला सांग तिला.'

मी लिहिलं नाही. धाकटीनंही नाही. आणि 'तिला' म्हणजे कुणाला — मला!

बाईंना बोलावून माप घेतलं. पाव इंच. चोख. त्या म्हणाल्या, "हे काकूंनाच माहीत होतं."

२० फेब्रुवारी

उत्तर पुसलं. दुपारी पुन्हा आलं.

२४ फेब्रुवारी

दुकानाच्या फोटोंत एक नवा फोटो. गजांची खिडकी, बाहेर गच्ची, गच्चीवर पिवळी टाकी. बस्स. धाकटी म्हणाली, जुन्या मालकाचं खातं अजून चालू आहे, तो फोन कुणाच्या तरी हातात असेल. काढून टाक म्हटलं तर म्हणे, "मूळ मालकाला काढता येत नाही, ताई."

मूळ मालक! गेलेली बाई मूळ, आणि मशीनवर कंबर मोडून घेणारी मी उपरी.

२६ फेब्रुवारी

एका मुलीचा तावातावानं फोन. "मी तुमच्या दुकानासमोर उभी आहे आणि दुकानच नाही! नुसत्या बिल्डिंगा!" बघतो तर नकाशातलं आमचं लोकेशन सरकलेलं. पार स्टेशनच्या पलीकडे. धाकटीनं बोटानं ओढून जागेवर आणलं. "चौकातल्या टेलरची करामत असणार."

२८ फेब्रुवारी

परत सरकलं. परत ओढून आणलं.

१ मार्च

परत! आणि तिथेच. आता मलाही ओढता येतं, मीच आणलं. हे जेवताना सहज म्हणाले, "खोडी काढणारा रोज नवी जागा शोधेल. हा एकाच बिल्डिंगवर का ठेवतोय?"

झोपायच्या आधी पाहिलं. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कौतुकाखाली दुकानाचं उत्तर — 'दुकान उघडं आहे. या. कुणीतरी या.'

२ मार्च

सकाळीच मालकांना गाठलं. म्हटलं, काकू कशानं गेल्या?

"कशानं म्हणजे? रिक्षानं! मुलाकडे गेल्या राहायला."

इतके दिवस जिवंत बाईला मारून बसले होते मी. आणि ती बाई रोज सांगतेय, मी इथे आहे, इथे आहे — आणि मी रोज तिला ओढून माझ्या दारात आणतेय!

३ मार्च

जाऊन आलो. लगेच लिहून काढते.

मी आणि धाकटी. लोकेशन जिथे ठेवलेलं असायचं, ती बिल्डिंग. समोरच्या गच्चीवर पिवळी टाकी. तिसरा मजला. बाहेरच्या कडीला उघडं कुलूप लटकत होतं. मुलानंच दार उघडलं. हसतमुख. "या ना, आईचं गिऱ्हाईक का?" सून पाणी घेऊन आली. तोंडातून शब्द नाही.

आतल्या खोलीत काकू. पलंगावर नुसती चादर पसरलीय असं वाटलं. वास. मी वाकले तर ओठ हलले — "ने मला."

"आई असंच बोलते," मुलगा म्हणाला. तसाच हसत.

धाकटी ऑफिसात चढ्या आवाजात बोलते म्हणून मी तिला हसते. आज तोच आवाज लागला! "दवाखान्यात नेतोय, आत्ता." शेजारी दार उघडून बघायला लागले, तसा तो मऊ पडला. सुनेनं काकूंची पिशवी आणून दिली — भरलेलीच होती. जिन्याच्या वळणापर्यंत आली आमच्यामागून. त्यानं वरून एवढंच म्हटलं, "वर." ती वळली आणि गेली. सासूच्या केसांवरून हात नाही, काळजी घ्या नाही, काही नाही. दगड आहे बाई!

पाठीला जखमा झाल्यात काकूंच्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

४ मार्च

काकू दिवसभर झोपेत. दुकान बंद ठेवलं. धाकटीनं पान पुन्हा 'काकू टेलर्स' नावावर केलं, मी न सांगता.

५ मार्च

आज काकू नीट बोलल्या. मी म्हटलं, फोन मस्त जमतो हो तुम्हाला! त्या बघतच राहिल्या. "मला? माझा हात तरी उचलतो का? मापं मी सांगायचे. बाकी सगळं सूनबाईचं. तो आंघोळीला गेला की लिहायची." मग माझ्या पाठीमागं, दाराकडे बघत, "ती कुठाय? आणलंत ना तिला?"

धाकटी गाडी काढतेय. लोकेशन दुकानावर आहे. दोन दिवस हललेलं नाही.