तळव्यावरचं बोट

परदेशीपुरा, इंदूर
१२ फेब्रुवारी, सकाळ

चि. सौ. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून शेजारच्या मारुतीरावांबरोबर डब्याच्या पिशवीतून हे पत्र. खिचडीत काल मीठ दोनदा पडलं होतं, आज चाखून घातलंय. सूनबाई, अश्विन ऑफिसात कोसळला त्याला आज चौथा दिवस, आणि तू चार घास खाल्ले नाहीस हे मला कळतं बरं.

आता मुद्द्याचं. काल मी त्याच्या तळव्यावर बोट फिरवलं. शाळेत होता तेव्हापासून मी त्याला असंच उठवते. त्यानं पाय ओढून घेतला. मी डोळ्यांनी पाहिलं. मग मेंदू गेला असं डॉक्टर कशावरून म्हणतात? मला फार भीती वाटते. ते घाई करतील आणि तू दमलेली पोर, हो म्हणून बसशील. मला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नकोस.

लोभ आहेच. तो पुरवायला तू धड राहा.
आई

हॉस्पिटल
१२ फेब्रुवारी, दुपार

ती. आईंना,
सा. न. वि. वि. खिचडी संपवली. मीठ बरोबर होतं, आज हळदच विसरलात.

पायाचं मी लगेच विचारलं. न्यूरोच्या शैलजा मॅडमनी मणक्याचं चित्र काढून दिलं, सोबत पाठवते. पाय मणक्यातूनच ओढला जातो, ती खबर मेंदूपर्यंत पोचतच नाही, असं त्या म्हणाल्या. आज अकरा वाजता चार डॉक्टरांनी तपासलं. अवयव काढणाऱ्यांपैकी त्यांत कुणी नव्हतं. झोपेच्या औषधाचा अंमल उरला नाही ना, ते आधी पाहिलं. मग डोळ्यांवर उजेड टाकला, कानात बर्फाचं पाणी घातलं, घशात नळी फिरवली. काहीच नाही. शेवटी मशीन काढून, तो स्वतः श्वास घेतो का ते पाहिलं. घेतला नाही. सहा तासांनी हे सगळं पुन्हा करणार. तेव्हाही तसंच आलं तर अवयवदानाचं विचारतील. लायसन्स काढताना त्यानं हो म्हटलं होतं, तुम्हाला ठाऊकच आहे.

डोक्याला पटतं, आई. पण हात धरला की गरम लागतो. दाढी वाढलीय. मारुती भिया म्हणतात, भाभी, चमत्कार भी होते हैं. मला त्या चमत्काराचीच भीती वाटते, सहीनंतर झाला तर. पाच वाजता या. मॅडम तुम्हाला आत उभं राहू देणार आहेत.

तुमचा हात पाठीवर असू द्या.
वल्लरी

परदेशीपुरा
१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. सौ. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद. वर सौ. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. डॉक्टरांनी कागदावर तो गेल्याची वेळ घातली, पाच वाजून चाळीस मिनिटं. माझ्या हातून ती घातली जात नाही.

तुम्हा सगळ्यांच्या कानात त्या मशीनचा आवाज असतो. मला तो कधी आलाच नाही, म्हणून मी फक्त छाती पाहिली. लहानपणी त्याला दमा होता, तेव्हा मी याच छातीवर डोळे लावून बसायची. आज मशीन काढल्यावर घड्याळात आठ मिनिटं झाली. ती हलली नाही. म्हणून मी मान डोलावली आणि तू सही केलीस.

निघताना मी पायांकडून न येता उशाकडून वळले. तळव्याला हात लावायचं धैर्य झालं नाही. पाय हलला असता तर सगळं समजूनही मी तो कागद फाडला असता. श्रेया दारात बसून बाबा कधी येणार विचारते आहे. तिला काय सांगायचं ते तू ये, मग ठरवू.

तुझ्यावाचून मला आता कोण आहे? जपून राहा.
आई

हॉस्पिटल
तीच संध्याकाळ

ती. आईंना,
सा. न. वि. वि. त्याला आत्ताच ऑपरेशनसाठी आत नेलं.

तुम्ही हात लावला नाहीत. मी लावला. मॅडम फॉर्म आणायला गेल्या आणि तुम्ही पाठ फिरवून डोळे पुसत होतात, तेव्हा. तुम्ही फिरवता तसंच बोट फिरवलं. त्यानं पाय ओढून घेतला. मी पांघरूण सारखं केलं, पेन मागितलं आणि सही केली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं, आणि मी थांबले असते.

मॅडमचं ते मणक्याचं चित्र खरं आहे. मारुती भिया इथे येतील तेव्हा त्यांच्याबरोबर तेवढं परत पाठवा. ऑपरेशन संपेपर्यंत मला ते हातात हवं आहे.

रागवा, पण लोभ सोडू नका.
वल्लरी