इंजिनाचा कान

३ फेब्रुवारी

ती. आत्यास, शि. सा. न.

कान गेला तर मी गॅरेजात करू काय, असं काल बाबांनी विचारलं. आत्या, म्हणून तुला लिहिते आहे.

बाबांच्या उजव्या कानाच्या आत, तोल सांभाळणाऱ्या नसेवर गाठ निघाली आहे. कॅन्सर नाही, पण मेंदूकडे सरकते आहे, म्हणून काढायलाच हवी. सर्जनबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक कानामागचं हाड कोरून, आतल्या कानातूनच. त्यात ऐकू येणं नक्की जाणार, पण चेहऱ्याची नस नीट दिसते, जपता येते. दुसरी डोक्याच्या मागून. तिथे कान वाचेलही, पण गाठ मोठी, त्यामुळे आशा थोडी आणि चेहरा वाकडा होण्याची भीती जास्त.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ उजव्या कानाला लावली, की बाबांना बिघाड कळतो. डावा कान आईची बोलणी खायला, असं ते म्हणतात. आता म्हणतात, घरात शिकलेली मास्तरीण तूच, तूच ठरव. लवकर लिही.

तुझी भाची

९ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईंस, अनेक आशीर्वाद.

दादा लहानपणी कुठला शर्ट घालू तेही मलाच विचारायचा. पण म्हणून तू एकटीने ठरवू नकोस. माझं ऐकशील तर डोक्यामागची वाट घ्या. दादा आधी तरी कुठे देखणा होता! गिऱ्हाइकं त्याच्या कानासाठी येतात, तोंड बघायला नव्हे. निदान त्याला समोर बसव आणि त्याला काय हवं ते त्याच्याच तोंडून ऐक. माया आहे म्हणून बोलते, रुसू नकोस.

तुझी आत्या

२० एप्रिल

ती. आत्यास, शि. सा. न.

तुझं पत्र आलं तेव्हा मी सर्जनबाईंना पहिली वाट कळवून आले होते. बाबांनी सही केली ती माझ्याकडे बघत. तुझं वाचूनही मी त्यांना समोर बसवलं नाही. ते कान मागतील, याची मला भीती होती.

ऑपरेशन झालं, गाठ काढली. चेहरा सरळ आहे, हसतात ते पूर्ण हसतात. सगळे मला शहाणी म्हणतात. पण परवा गॅरेजात गिऱ्हाइकाने हाक मारली, तर बाबा भलतीकडेच वळले. एका कानाला आवाजाची दिशा कळत नाही. मग त्यांनी खिळ्यावरचा स्क्रू ड्रायव्हर काढला, मूठ उजव्या कानाला लावली, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. मी म्हटलं, बाबा, डावा. ते म्हणाले, हाताला सवय आहे गं. स्क्रू ड्रायव्हर परत टांगला आणि हात धुवायला गेले. हात काळे झालेच नव्हते.

रागावलीस तरी चालेल, पण लिहायची थांबू नकोस.

तुझी भाची

ता. क. स्क्रू ड्रायव्हरचा तो खिळा गॅरेजातल्या टेबलाच्या उजव्या अंगाला होता. आज बाबा यायच्या आधी मी तो उपटून डावीकडे ठोकला. विचारायला हवं होतं, हे या वेळी हातोडी उचलतानाच कळत होतं. तरी ठोकला.